उजवीकडचं शिफ्ट

अंबडच्या कोर्टासमोर पत्र्याचं एक लांब शेड आहे. त्यात टायपिंगवाल्यांची टेबलं ओळीनं मांडलेली. शेवटचं, लिंबाच्या सावलीतलं टेबल तातेरावांचं. वारसाचे अर्ज, फेरफाराच्या हरकती, प्रतिज्ञापत्रं, नोटिशींची उत्तरं. तालुक्यातली निम्मी भांडणं त्यांच्या बोटांखालून गेली असतील. भांडण कुणाचंही असो, कागद स्वच्छ असायचा. वकील केशवराव म्हणायचे, "तातेरावांचा अर्ज असला की साहेब चष्मा पुसत नाहीत."

तातेराव मूळचे वाटूरचे. टायपिंग परतूरला शिकले. रोज सायकल मारत जायचे. त्यांच्या वस्तीत टायपिंगची परीक्षा पास झालेला पहिला माणूस म्हणजे ते. मशीन तेव्हा लोखंडी होतं. शिफ्ट दाबलं की आतला सगळा सांगाडा हलायचा. अर्धवट दाबलं तर अक्षर ओळीत बसायचं नाही, अधांतरी लटकायचं. म्हणून त्यांच्या मास्तरांनी शिकवलं होतं: शिफ्ट आधी दाबा, पूर्ण दाबा, मग अक्षर मारा.

पुढं अंबडला तातेरावांनी संध्याकाळचा क्लास चालवला. तिथंही हेच शिकवलं. जोडीला आणखी एक गोष्ट. हाताकडं बघायचं नाही. डोळे फक्त समोरच्या मजकुरावर. नवीन पोरगा, नवीन पोरगी आली की तातेराव आपला मोठा पांढरा रुमाल काढत आणि त्यांच्या दोन्ही हातांवर टाकत.

"बोटांना दिसतं," म्हणत. "तुम्ही कामून बघून राह्यलेत?"

रूपाली त्याच क्लासातली. रुमालाखाली हात घालून शिकलेली. पुढं ती जालन्याला पॉलिटेक्निकला गेली. परत आली आणि बसस्टँडच्या मागच्या गल्लीत तिनं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. क्लास बंद पडला तरी ती तातेरावांना सरच म्हणते.

या रूपालीची एक तऱ्हा होती. बाकीचे दुरुस्तीवाले मशीन उघडत, नाहीतर सगळं पुसून नव्यानं भरत. ही आधी स्टूल ओढून माणसाच्या शेजारी बसायची. म्हणायची, जसं रोज करता तसं करा. आणि स्क्रीनकडं न बघता त्याचे हात बघत राहायची.

पंचायत समितीतल्या सुरेखाबाईंचं मशीन अक्षरं खायचं. मधे एक शब्द घालायला जावं तर पुढचे शब्द गिळत जायचं. ऑफिसात बोलवा झाली की त्या खुर्चीवर आधी बसणारे भाऊसाहेब वारले, ते लिहू देत नाहीत. रूपाली आली. सुरेखाबाईंनी दोन ओळी टाईप केल्या, माऊसकडं हात नेला, परत आणला.

"मॅडम, बांगडी," रूपाली म्हणाली.

"काय झालं बांगडीला?"

"माऊसकडं जाताना इथं टेकती. ह्या बटणावर. ते एकदा दाबलं की नवीन अक्षर जुन्याच्या अंगावर पडतं. परत दाबलं की सरकून जागा देतं."

सुरेखाबाईंनी बांगडीकडं पाहिलं. "म्हणजे भाऊसाहेब न्हाईत?"

"भाऊसाहेबांना टाईप करता येत होतं का?"

"छे. एका बोटानं."

"मंग ते कशाला येतील?"

ही हकिकत शेडमधे आठवडाभर पुरली. तातेरावांना फार बरं वाटलं. ते चहावाल्याला म्हणाले, माझी विद्यार्थिनी.

दुसऱ्या एका दिवशी शेजारच्या टेबलावरच्या अंगदनं मोबाईल नाचवला. अंगद हा ओळीतला सगळ्यांत बोलका टायपिस्ट. त्याला एक मेसेज आला होता. इंग्रजीत सी-ओ-एन, कॉन नावाचं फोल्डर जगात कुणालाच बनवता येत नाही, भले भले शास्त्रज्ञ हरले, करून बघा. सगळ्यांनी करून बघितलं. कुठंच होईना. नाव टाईप करावं, मशीननं नकार द्यावा.  रूपाली कुणाचातरी प्रिंटर बघायला आली होती. अंगदनं तिला अडवलं.

"सांग आता, बाई. ह्यात काय भानगड हाय?"

रूपाली हसली. "जुन्या काळात कॉम्प्युटरनं आपल्या घरच्या वस्तूंना नावं ठेवली होती. प्रिंटरला एक, कीबोर्ड आणि पडद्याच्या जोडीला एक. त्या जोडीचं नाव कॉन. कॉनला दे म्हटलं की पडद्यावर दिसायचं. ती नावं त्यानं अजून धरून ठेवलीत. तुम्ही पोराचं नाव तहसीलदार ठेवलं, आणि कुणी हाक मारली, तहसीलदार इकडं या, तर कोण यायचं?"

"ठेवतात की! परतूरला माझ्या मावसभावाचं नावच तहसीलदार हाय."

"मंग तहसील ऑफिसात गेल्यावर काय होतं?"

अंगद जरा थांबला. "शिपाई उभा राहतो," म्हणाला.

शेड हसून हसून लोटपोट झालं. तातेराव हसले नाहीत. ते विचारात पडले होते. इतक्या वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या कामासाठी ठेवलेलं नाव. तो काळ गेला, ती मशीनं भंगारात गेली, पण नाव अजून जागा अडवून बसलंय. अंबडच्या पत्र्याखाली. हे त्यांना भुताहून मोठं वाटलं.

त्या हिवाळ्यात तातेरावांचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी चहाच्या बशीनं सांगितलं. मग शर्टाच्या गुंड्यांनी. जालन्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. म्हणाले, वाढणार नाही बहुतेक, पण जाणारही नाही. घरी ही गोष्ट फक्त बेबीनंदाला, त्यांच्या बायकोला माहीत. शेडमधे तातेराव चहा डाव्या हातानं घ्यायला लागले. काम नसलं की उजव्या हातावर रुमाल टाकून बसत. लोकांना वाटे, घाम पुसायला ठेवलाय. थंडीत घाम कसला, असं कुणी विचारलं नाही.

टाईप करताना एक अक्षर दाबलं की दोन उमटत. कधी तीन. अर्जदारातले र वाढत. मग ओळ संपली की वर बघून, मागं जाऊन खोडायचं. पूर्वीचं अर्ध्या तासाचं काम आता दुपार खायचं. तरी तातेराव रेटत होते. खाडाखोड कागदावर दिसत नाही, ही कॉम्प्युटरची मोठी मेहेरबानी. शेवटी कागद स्वच्छच निघायचा.

मग मशीन वागेनासं झालं.

सकाळी चालू केलं की नीट चालायचं. तासाभरानं, कधी दोन तासांनी, एकाएकी मुकं व्हायचं. तातेरावांची बोटं पळत राहायची आणि पडद्यावर काही नाही. रागानं एखादं बटण दाबून धरलं तर एकुलतं एक अक्षर सावकाश उमटायचं, फार विचार करून दिल्यासारखं. बंद करून चालू केलं की परत ठीक. त्यांनी कीबोर्ड बदलला. बाजारातल्या एकानं सगळं पुसून नवीन भरून दिलं. दोन दिवस गेले, पुन्हा तेच.

अंगद मदतीला आला. मशीन नव्यानं चालू केलं, त्यांच्या खुर्चीत बसला आणि एक अख्खं प्रतिज्ञापत्र धडाधडा मारलं. कुठं अडलं नाही. तातेराव बसले. एक परिच्छेद झाला. मशीन मुकं.

"मामा," अंगद म्हणाला, "मशीन रुसलं तुमच्यावर. दुसऱ्या कुणावर न्हाई. तुमच्यावरच."

तो गमतीनं म्हणाला. तातेरावांना मात्र ते पटलं. त्यांनी मनाशी हिशेब लावला. मशीन सगळ्यांचं ऐकतं. माझं ऐकत नाही. म्हणजे मशीनला कळलंय. बायको आणि डॉक्टर यांच्यापलीकडं ज्या गोष्टीची वाच्यता नाही ती या डब्याला कळली. हा हात आता कामाचा राहिला नाही, हे त्यानं ओळखलंय.

"रूपालीला दाखवा की," अंगद म्हणाला. "ती पाच मिन्टात काढती."

"बघू," तातेराव म्हणाले.

रूपालीकडं जायचं नव्हतं. अख्ख्या अंबडमधे हा तिढा सोडवणारी एकच पोरगी, आणि ती मशीन बघत नाही. हात बघते.

महिना संपत आला तेव्हा तातेरावांनी केशवराव वकिलांना सांगून टाकलं. पुढच्या महिन्यापासून बसणार नाही. टेबल अंगदला देतो. केशवरावांना वाटलं, पोरांकडं पुण्याला चाललेत. तातेरावांनी तसं वाटू दिलं. अंगदनं टेबलाच्या मागं प्रिंटर बसतो का ते बघितलं, आणि मग त्यालाच कसंतरी झालं. "मामा, घाई न्हाई बरं का," म्हणाला.

घरी बेबीनंदा भाकरी थापत होत्या. तातेरावांनी टेबलाचं सांगितलं. बेबीनंदांचा हात परातीत थांबला.

"अन् मंग दिवसभर काय करनार?"

"बसन घरी."

"घरी बसून हात थांबन का?"

  दुसऱ्या दिवशी बेबीनंदा भाजी आणायला म्हणून बाहेर पडल्या आणि बसस्टँडच्या मागच्या गल्लीत गेल्या.

दुपारी कोर्टाला जेवणाची सुट्टी झाली. शेड रिकामं झालं. अंगद डबा घेऊन लिंबाखाली बसला होता. रूपाली आली, जयभीम सर म्हणाली, आणि स्टूल ओढून तातेरावांच्या उजव्या बाजूला बसली.

"तुला कुणी बोलवलं?"

"काकूंनी."

तातेरावांनी रुमाल सारखा केला. "कशाला आली? मशीन जुनं झालंय. मीबी जुना झालो. देऊन टाकून राह्यलो टेबल."

"द्या की. पण त्याच्या आधी एक अर्ज टाईप करा. रोज करता तसा."

"स्क्रीन बघ तू. बिघाड तिथं दिसतो."

"स्क्रीन मंग बघते."

तातेराव हलले नाहीत. रुमालाखाली हात थरथरत होता आणि रुमाल त्याच्याबरोबर हलत होता. रूपाली ते बघत होती. तिनं नजर वळवली नाही की काही विचारलं नाही.

"सर," ती हळू म्हणाली, "क्लासात रुमाल तुम्हीच काढायचे. तुम्ही काढल्याशिवाय आम्ही हलायचं न्हाई."

 मग तातेरावांनी रुमाल उचलला, घडी घातली आणि बाजूला ठेवला. हात उघडा पडला.

समोर वाटूरच्या एका माणसाच्या अर्जाचा कच्चा मजकूर होता, वकिलाच्या घाईच्या अक्षरात. तातेराव टाईप करू लागले. हात कापत होता, पण बोटांना वाट माहीत होती. अक्षरं दुप्पट होत होती, ओळ संपल्यावर वर बघून ते खोडत होते. पहिली ओळ झाली. पुढच्या ओळीचं अक्षर लागेना. तातेरावांनी सवयीनं उजव्या करंगळीनं शिफ्ट पूर्ण दाबलं, आणि मान पुढं करून मजकूर वाचू लागले. लोखंडी मशीनवर वाचत तसेच. अक्षर लागलं. मग आठवलं की ओळ बदलायची आहे. करंगळी उचलली, एंटर मारलं, आणि बोटं पळू लागली.

पडदा कोरा.

"बघ," तातेराव म्हणाले.  "बघ. माझंच ऐकत न्हाई."

रूपाली उठून उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं आणि डोळ्यांत भलतंच काहीतरी.

"सर, तुम्ही स्क्रीनकडं कधीच बघत न्हाई का हो?"

"टाईप करताना? कामून बघू? तुला तसं शिकवलं का मी?"

"म्हणून दिसलं न्हाई तुम्हाला. आता परत करा. फक्त शिफ्ट धरा. उजवीकडचं. अन् आज एवढ्या बारीला माझं ऐका, मजकूर सोडा, वर बघा."

तातेरावांनी मशीन बंद करून चालू केलं. शिफ्ट धरलं. काही झालं नाही. धरून राहिले. आणि एकाएकी पडद्यावर एक छोटी चौकट उघडली. इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं, खाली दोन बटणं.

"हे काय?"

"तो विचारून राह्यला. म्हणतो, तुमची बोटं चुकून लागत असतील, दोनदा लागत असतील, तर मी जरा सावकाश ऐकू का? हलकं, घाईचं बटण सोडून देऊ का? अन् तुम्ही न बघता एंटर मारता. त्याला वाटतं, हो म्हणाले."

"मी म्हणालो हो?"

"रोज म्हणून राह्यलेत. मंग तो घाईचं बटण मोजतच न्हाई. दाबून धरलं तरच घेतो. अंगदभाऊ कॉम्प्युटरवर शिकले, ते शिफ्ट धरून वाचत बसत न्हाईत. म्हणून त्यांना तो विचारत न्हाई. तुम्हीबी आधी लवकर सोडायचे, हल्ली आधार घेतल्यासारखं धरून ठेवता. शिफ्ट आधी दाबा, पूर्ण दाबा, हे आम्हाला कुणी शिकवलं?"

अंगद डबा तसाच ठेवून जवळ आला होता. "म्हणजे रुसलं नव्हतं?"

"रुसलं नव्हतं. सेवेला हजर झाल्तं."

तातेराव चौकटीकडं बघत होते. इतके दिवस ती त्यांच्यासमोर उघडत होती आणि नेमकं तेव्हा त्यांनी वर पाहिलं नव्हतं.

"पण हे ठेवलं कशाला?" त्यांनी विचारलं. "चांगल्या चालत्या मशीनमधे असलं खोडकर काम कोण करतं?"

रूपाली परत स्टुलावर बसली. "खोडी न्हाई सर. ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी केलंय."

 रस्त्यावरून परतूरची एसटी गेली.

"कुणी?"

"नाव मला ठाऊक न्हाई."

"कुठला?"

"लांबचा कुणीतरी. लई वर्षं झाली. प्रत्येक मशीनमधे असतं हे. शाळेतल्या, बँकेतल्या, तहसीलातल्या. लागत न्हाई कुणाला, म्हणून दिसत न्हाई."

"अन् उघडायला हे मोठं बटण कामून?"

"हात कापत असला तर बारीक चित्रावर माऊस कसा न्यायचा? म्हणून हातासरशी सापडणारं, धरून ठेवता येणारं बटण. त्यानं तेवढाबी विचार केला."

तातेरावांनी आपला उजवा हात पाहिला. हाताकडं असं राजरोस बघायची त्यांची ही बहुधा पहिलीच वेळ. जन्मात न भेटलेल्या कुणीतरी, दूरच्या कुठल्यातरी गावी बसून, या हाताचा विचार केला होता. हात धडधाकट होता तेव्हाच करून ठेवला होता. इतकी वर्षं तो विचार या डब्यात बसून होता. गडगडणाऱ्या जनरेटरशेजारी, उन्हात, धुळीत, कुणाच्या हाकेची वाट बघत. आणि ज्या दिवसांत हात थरथरायला लागला, त्याच दिवसांत तो स्वतःहून पुढं आला. विचारलं, सावकाश ऐकू का? आणि आपल्याला वाटलं, हाकलून देतोय.



रूपालीनं तोवर माऊस हातात घेतला होता. "आपण ह्याला जरा समजावू. बटण दाबून धरायची सक्ती नको, तुमचा वेग जातो. पण एकच बटण लागोपाठ दोनदा लागलं तर दुसरं सोडून दे म्हणू. अन् हे शिफ्ट धरल्यावर विचारायचं बंद करते, म्हणजे वाचताना तुम्ही खुशाल धरा. काम आतून चालू राहील. फक्त एकच अक्षर खरंच दोनदा पाहिजे असलं तर मधे दम घ्या."

"किती दम?"

"एक घोट पाण्याएवढा. करा आता."

तातेरावांनी बोटं ठेवली. हात कापतच होता. त्यात काही बदल नव्हता. करंगळी बटणावर पडताना थडथडली, अंगदला सुद्धा ती थडथड ऐकू आली. तातेराव वर बघत होते. पडद्यावर एक र उमटला. एकच. पुढं गेले. अर्जदार. र जेवढे पाहिजेत तेवढेच. मग राहणार वाटूर. मग तालुका परतूर. हात नाचत होता आणि ओळ सरळ चालली होती. हाताची थरथर कुठंतरी बोट आणि पडदा यांच्या मधेच गळून पडत होती.

अंगदनं तोंडावर हात ठेवला. "अरे बाप रे," एवढंच म्हणाला.

तातेराव थांबले नाहीत. मजकूर संपेपर्यंत टाईप करत राहिले. संपल्यावर त्यांनी कागद काढला नाही. पडद्याकडं बघत बसले. तिथली ओळन्‌ओळ त्यांनी वाचली, जणू ती दुसऱ्या कुणाची असावी.

"रूपे," शेवटी म्हणाले, "त्याला कसं कळलं असंल गं?"

"काय?"

"हात कापतो तेव्हा कसं वाटतं ते."

 रूपालीनं माऊस बाजूला ठेवला. "मला एवढंच माहीत हाय सर, ते कुठं ठेवलंय."

कोर्टाची सुट्टी संपली. माणसं परत शेडमधे येऊ लागली. केशवराव फाईल बगलेत मारून आले. त्यांना तातेरावांचा उघडा, थरथरता हात दिसला.  त्यांनी हातावरून नजर काढली, अंगदकडं पाहिलं, परत हाताकडं पाहिलं.

"तातेराव, हे..." म्हणाले. मग म्हणाले, "ही नोटीस अर्जंट होती. पण अंगदकडं देतो. तुम्ही टेबल देणार होता ना?"

अंगदनं हात मागं घेतला. "माझ्याकडं कशाला? मला माझंच टेबल आवरत न्हाई."

तातेरावांनी फाईल घेतली. फाईलही थरथरली. त्यांनी ती थरथर लपवली नाही.

"बसा वकीलसाहेब," म्हणाले. "चहा घ्या. तोवर देतो."

त्यांनी घडी घातलेला रुमाल उचलला. बेबीनंदानं धुवून इस्त्री केलेला, पांढरा. हातावर टाकायला नाही. पडद्यावर कित्येक वर्षांची धूळ होती, आज पहिल्यांदा त्यांच्या नजरेला आली होती. ती त्यांनी कोपऱ्यांपासून मधोमध, सावकाश पुसून काढली.